तिसरी मुदत

मार्चच्या पहिल्या आठवड्यात ब्रह्मपुरीच्या पुढे वैनगंगेकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कामावर पट्ट्यांचं खोकं आलं, तेव्हा त्या लावून घ्यायला कुणीच तयार नव्हतं. डांबराची चोवीस माणसांची टोळी मोहाच्या झाडाखाली उकिडवी बसली होती. सुरक्षा अधिकारी प्रतिमा लांजेवार त्यांच्यापुढे बोटभर लांबीची, मऊ, करड्या रंगाची पट्टी हातात धरून उभी होती.

"कोन किती वेळ बसला ते मोजाचं यंत्र हाय हे," मागून कुणीतरी म्हणालं आणि सगळ्यांनी माना हलवल्या.

प्रतिमाने दोनदा समजावून सांगितलं. कुणी उठेना. शेवटी शालिक वाढई उठला. सेहेचाळीस वर्षांचा, उंच, हाडापेराने मजबूत माणूस. यंत्र डांबर टाकत पुढे सरकलं की मागून लांब दांड्याच्या दाताळ्याने तो गरम माल सारखा करायचं काम त्याचं, आणि ते त्याच्यासारखं दुसऱ्या कुणाला जमत नसे. त्याने सदऱ्याची बटणं सोडली आणि छाती पुढे केली.

"लावा मॅडम. आमच्या छातीत काय चालू हाय ते आमाले तरी कुठं मालूम हाय?"

लोक हसले. मग एकेक उठला.

शालिकचा शब्द टोळीत चाले, त्याला कारण होतं. नऊ किलोमीटरवरच्या सावरटोल्याचा तो. त्याचा बाप दारूने गेला होता आणि त्याने स्वतः कधी थेंबाला हात लावला नव्हता. त्याची बायको सुलोचना गावातल्या महिला मंडळाची अध्यक्ष. दोघांनी मिळून गावातले तीन गुत्ते बंद पाडले होते. गावातले काही पुरुष त्याला 'बायकांचा पुढारी' म्हणून चिडवायचे. तो ते कौतुक समजून घ्यायचा.

पट्टीमागचं शास्त्र तसं साधं होतं. अंगमेहनतीत स्नायू जी शक्ती खर्च करतात तिचा जेमतेम चौथा हिस्सा कामाला लागतो. उरलेल्याची उष्णता होते आणि ती अंगात साठत जाते. ती बाहेर टाकायला शरीराकडे मुख्य साधन एकच, घाम. पण घाम नुसता गळून भागत नाही, तो वाळावा लागतो. वाळताना तो अंगातली उष्णता घेऊन जातो. हवाच दमट असली की घाम अंगावरून ओघळतो, कपडे भिजवतो आणि आतली भट्टी तशीच पेटलेली राहते. या तलावांच्या मुलखात उन्हाळी धान वाढलं तशी मे महिन्यातली दुपार जास्तच चिकट झाली होती. आतलं तापमान किती, हे काखेतल्या थर्मामीटरला नीट कळत नाही. पट्टीला कळे. छातीतून बाहेर पडणारी उष्णता, दोन ठोक्यांमधलं अंतर आणि घामातलं मीठ या तिन्हींवरून ती आतला आकडा काढी. इतकंच नाही, तर वीस मिनिटांनी तो किती असेल हेही सांगे. पट्टीवरचा दिवा हिरवा म्हणजे ठीक. पिवळा म्हणजे पाणी प्या. लाल म्हणजे काम थांबवा, सावलीत या.

याआधी सात वर्षं राज्यात दुपारबंदी होती. एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत बारा ते चार उघड्यावर कामच करायचं नाही. पट्टी आली आणि दुपारबंदी उठली. प्रत्येकाच्या शरीराचा हिशेब वेगळा ठेवता येत असेल, तर सगळ्यांना एकच नियम कशाला? नागपूरच्या एका बैठकीत हा प्रश्न खुद्द प्रतिमानेच विचारला होता. तिला टाळ्या मिळाल्या होत्या.

लाल दिव्याला एकच अपवाद होता. माणूस उंचावर असेल किंवा चालत्या यंत्राजवळ असेल, तर त्याला सुरक्षित बाजूला होता यावं म्हणून अधिकाऱ्याला टॅबवरून पंधरा मिनिटांची मुदत देता येई. मुदत दिली की दिवा पुन्हा पिवळा होई. एका पाळीत एकदाच द्यावी, असं पुस्तिकेत लिहिलेलं होतं. पण दुसऱ्यांदा बटण दाबलं तर ते दाबलं जाई.

एकवीस मेच्या दुपारी पारा सेहेचाळीसच्या पुढे होता. डांबर-खडीचं मिश्रण करणाऱ्या प्लांटवरून चुकून मालाचे दोन टिप्पर एकदम आले होते. गरम माल ठरावीक तापमानाखाली गेला की दबत नाही, फेकून द्यावा लागतो. पाच माणसं लाल होऊन तंबूत आडवी होती. प्रकल्प व्यवस्थापक राजूरकरांचा फोन दर दहा मिनिटांनी येत होता. संध्याकाळी वरिष्ठांची पाहणी होती.

एक वाजून वीस मिनिटांनी शालिकचा दिवा लाल झाला.

"मले काई नाई होत, मॅडम," तो दाताळं न थांबवता म्हणाला. "हा एक टिप्पर पसरवतो अन् बसतो."

प्रतिमाने मुदत दिली. त्यात तिला काही वावगं वाटलं नाही.

टिप्पर निम्माही रिकामा झाला नव्हता, तेव्हा दिवा परत लाल झाला. या वेळी तिचं बोट क्षणभर थांबलं. तिने शालिककडे पाहिलं. त्याने हात वर करून 'चालू द्या' अशी खूण केली. तिने दाबलं.

तिसऱ्या वेळी टॅबवर चौकट उघडली. 'ही तिसरी मुदत आहे. कारण लिहा.' फोन वाजत होता. तिने लिहिलं, 'यंत्राजवळ आहे.' शालिक यंत्राजवळ होताच.

सात-आठ मिनिटं गेली असतील. शालिक उलट्या दिशेने दाताळं ओढायला लागला. सपाट केलेला माल त्याने उकरून काढला. रोलरवाला ओरडला, तर शालिकने त्याला अशी शिवी हासडली की टोळी हातातलं काम टाकून बघायला लागली. ही माणसं त्याच्याबरोबर नऊ वर्षं होती. त्याच्या तोंडून कुणी कधी शिवी ऐकली नव्हती. मग तो हसला. पाय फाकवून, झोकांड्या खात प्रतिमाकडे आला आणि तिला म्हणाला, "माय, पानी आन वं." आणि तिच्या पायाशी कोसळला.

पट्टीवर आकडा होता एक्केचाळीस पूर्णांक नऊ.

अशा वेळी माणसाला आधी बर्फाच्या पाण्यात बुडवायचं आणि मग दवाखान्यात न्यायचं, हे प्रतिमा स्वतः सगळ्यांना शिकवत आली होती. पण टाकीतला बर्फ आधीच्या पाच जणांसाठी संपत आला होता. कोमट होत चाललेल्या पाण्यात त्यांनी त्याला बुडवून धरलं. त्याचे हातपाय आखडत होते. रुग्णवाहिका यायला चाळीस मिनिटं लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजूरकरांनी तिला साइटवरच्या केबिनमध्ये बोलावलं. मृदू बोलणारा माणूस. त्यांनी स्वतःच्या हाताने चहा ओतून कप तिच्यापुढे सरकवला.

"त्याने शिव्या दिल्या म्हणतात."

"हो सर."

"झोकांड्या खात होता?"

"सर, उष्माघातात मेंदूला..."

"मी विचारतोय तेवढंच सांगा. खात होता की नाही?"

"खात होता."

"रक्त कुणी दारूसाठी तपासलेलं नाही. मी विचारून घेतलंय." राजूरकर थोडे पुढे झुकले. "मॅडम, तीन मुदती तुमच्या नावावर आहेत. सर्व्हरवर आहेत, त्या पुसता येत नाहीत. पण माणूस प्यायलेला असेल तर पट्टीचं गणित चुकतं, हे कंपनीच्या पुस्तिकेतच आहे. मग मुदती चुकीच्या आकड्यावर दिल्या गेल्या, एवढंच होतं. तुम्ही काही ठाम सांगू नका. संशय म्हणा."

अहवालात 'बाह्य कारण' नावाचा रकाना होता. प्रतिमा बराच वेळ त्याकडे बघत राहिली. चहा निवला. आपली नोकरी, घरी अंथरुणाला खिळलेले वडील, आणि शालिक बहुतेक वाचत नाही, हे सगळं तिच्या मनात येऊन गेलं. शेवटचा विचार तिला पुढे सगळ्यात जास्त छळणार होता. मेलेल्या माणसाला काय फरक पडतो, असं तिच्या मनात आलं होतं.

तिने लिहिलं, 'कामगाराने मद्यप्राशन केल्याचा संशय.' आणि खाली सही केली.

शालिक मेला नाही. अकरा दिवस त्याचा श्वास यंत्रावर होता. महिन्याने त्याला घरी सोडलं. नियमाप्रमाणे अपघाताच्या अहवालाची एक प्रत त्याच्या गावच्या ग्रामपंचायतीला गेली, आणि ती तिथल्या फळ्यावर लागली.

जुलैत त्याची पट्टी परत घ्यायला आणि ती परत केल्याच्या कागदावर सही घ्यायला प्रतिमाला सावरटोल्याला जावं लागलं. दुसऱ्या कुणाला पाठवता आलं असतं. पण तसं म्हटलं असतं तर का, ते सांगावं लागलं असतं.

सुलोचनाने तिला ओसरीत बसवलं, पाणी दिलं. बाई रोडावली होती. अंगणाच्या पलीकडे गोठ्याजवळ बाजेवर शालिक बसला होता. प्रतिमाला बघून तो उठला. पाय लांब लांब टाकत, भिंतीला हात लावत, डावीउजवीकडे कलत आला. दहा पावलांच्या अंतरात तो दोनदा पडता पडता सावरला. रस्त्यावरून जाणारे दोघं जण थांबून बघत होते. त्यातल्या एकाने त्याच्यासारखीच झोकांडी खाऊन दाखवली आणि दुसरा फिदीफिदी हसला.

"पाह्यलं न मॅडम?" सुलोचना खालच्या आवाजात म्हणाली. "अजून उतरली नाई म्हनतेत लोक. मी मंडळाचं अध्यक्षपद सोडलं. कोन्या तोंडानं दुसऱ्याच्या घरी जाऊन सांगू, दारू सोडा म्हनून?"

"ताई, ते आजारी आहेत."

"आजारी हायत, ते दिसते जी. त्याचं नाई मले. मी यायले इतकंच म्हनलं, एकदा खरं सांगा. कामाच्या तरासानं घेतली असंल एखादवेळी. मानूस हाय. पन मले सांगा. तर हे काई बोलतच नाई. तवापासून मीच बोलनं सोडलं." तिने पदर तोंडाला लावला. "बाज तिकडं टाकून देल्ली."

शालिक ओसरीच्या पायरीवर बसला. त्याला बोलायला वेळ लागत होता; एकेक अक्षर सुटं सुटं, कधी मोठ्याने, कधी ऐकूही न येणारं.

"म... मॅडम. मले त्या दिवसाचं काईच याद नाई. सकाळी डब्बा घेऊन निघालो, तेवढं याद हाय. तुमी होत्या तिथं." तो थांबला. त्याचं डोकं बारीक हलत होतं. "खरं सांगा. मी पेलो होतो का?"

सुलोचना तिच्याकडे बघत होती. रस्त्यावरचे दोघं अजून तिथेच होते.

"माझं लक्ष टॅबवर होतं, शालिकभाऊ," प्रतिमा म्हणाली. "मी नीट बघितलं नाही."

त्याने मान हलवली. तिच्यावर रागावल्यासारखं काहीच दिसलं नाही.

"मंग असंल पेलो," तो म्हणाला.

तिने पट्टी घेतली, सही घेतली. वाकडीतिकडी, कागदाबाहेर जाणारी सही. परत येताना जीपमध्ये ड्रायव्हर काही विचारत होता. तिला एकही शब्द ऐकू आला नाही.

चार दिवसांनी रजा टाकून ती नागपूरला गेली. शालिकवर उपचार केलेल्या डॉक्टर फरहाना अन्सारींना भेटली. त्यांनी पडद्यावर मेंदूचं चित्र लावलं आणि मागच्या बाजूला, मानेच्या जरा वर बोट ठेवलं.

"हे अनुमस्तिष्क. चालताना तोल सांभाळणं, जिभेने अक्षरं नेमकी उच्चारणं, हे काम इथलं. यात झाडासारख्या फांद्या असलेल्या मोठ्या पेशी असतात. सगळ्या मेंदूत उष्णतेला सगळ्यात नाजूक त्याच. एक्केचाळीस-बेचाळीसवर जास्त वेळ राहिलं की मरायला लागतात, आणि मेलेल्या परत येत नाहीत. दारूचा परिणामही याच भागावर होतो. म्हणून दोघांची चाल सारखी दिसते. फरक एवढाच की दारू सकाळपर्यंत उतरते. याचं हे थोडं सुधारेल, पण जाणार नाही."

"शेवटची पंधरा मिनिटं वाचली असती तर?"

डॉक्टरांनी तिच्याकडे निरखून पाहिलं. "सांगता येत नाही. पण या आजारात पंधरा मिनिटं फार असतात. तुम्ही त्याच्या कोण?"

"मी तिथे होते."

"मग तुम्हीच सांगा. त्याच्या कागदावर दारूचा संशय लिहिलाय. प्यायला होता का तो?"

"नव्हता," प्रतिमा म्हणाली. हे तिने पहिल्यांदाच मोठ्याने म्हटलं होतं. आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटला.

त्याच आठवड्यात तिने अपघाताची चौकशी करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याला सात पानी जबाब लिहून दिला. तीन मुदती, त्यांच्या वेळा, केबिनमधलं बोलणं, आणि रकान्यात खोटं लिहिल्याची कबुली. राजूरकरांनी असं काही बोलल्याचं नाकारलं. कंपनीने ही एका व्यक्तीची चूक असल्याचं कळवलं आणि तिला निलंबित केलं. ऑगस्टमध्ये सगळ्या टॅबवर एक बदल झाला. दुसऱ्यांदा मुदत देणं बंद झालं. दुपारबंदी मात्र परत आली नाही.

प्रतिमा घरी बसून होती. वडिलांना औषध द्यायची, पाणी भरायची, आणि स्वतःला सांगायची की आता सगळं कागदावर आलंय, कागद आपोआप सावरटोल्याला पोचेल. सप्टेंबरमध्ये तिने चौकशी कार्यालयात फोन केला. अंतिम अहवाल सुनावण्या संपल्यावर जाईल, असं तिथल्या लिपिकाने सांगितलं. वर्ष लागेल, जास्तही लागेल.

तिने फोन ठेवला. कागद हळू चालतो हे तिला आधीपासून माहीत होतं, आणि म्हणूनच तर तिने तो रस्ता धरला होता. सात पानं लिहिणं सोपं गेलं होतं. त्या ओसरीत परत जाऊन बसणं तिला जमत नव्हतं.

दोन दिवसांनी ती एसटीने सावरटोल्याच्या फाट्यावर उतरली आणि चालत गावात गेली. दुपारचे तीन वाजले होते. अंगणवाडीच्या ओट्यावर महिला मंडळाची बैठक चालू होती. पंचवीसेक बायका, आणि सगळ्यात मागे, भिंतीला टेकून सुलोचना. प्रतिमा चपला काढून ओट्यावर चढली आणि बोलायची परवानगी मागितली.

तिने बरीच वाक्यं जुळवून आणली होती. त्यातलं एकही आठवलं नाही.

"शालिकभाऊंनी त्या दिवशी दारू घेतलेली नव्हती," ती म्हणाली. "फळ्यावरचा कागद मी लिहिलाय. तो खोटा आहे. ते उन्हाने पडले. यंत्र तीनदा सांगत होतं, त्यांना थांबवा. मी तीनदा थांबवलं नाही. मग माझ्यावर येऊ नये म्हणून मी दारू लिहिली. त्यांची चाल आहे ती उन्हाने मेंदू भाजल्यामुळे आहे. मी जुलैत आले होते तेव्हाही मला हे माहीत होतं. तेव्हाही मी खोटं बोलले."

एका म्हाताऱ्या बाईने तिच्याकडे पाहून मान दुसरीकडे फिरवली. पुढच्या रांगेतली एक तरणी बाई म्हणाली, "तीन महिने त्या मानसाच्या पाठीमागं लोक हासले, बाई. आमीबी हासलो."

प्रतिमाला वाटत होतं की कुणीतरी शिवी द्यावी. कुणी दिली नाही.

सुलोचना उठली, बायकांमधून वाट काढत ओट्यावरून उतरली आणि घराकडे चालू लागली. तिने प्रतिमाला बोलावलं नाही, येऊ नको असंही म्हटलं नाही. प्रतिमा तिच्या मागे दहा पावलं अंतर ठेवून चालत राहिली.

शालिक गोठ्याजवळच्या बाजेवर सुतळीचा गुंता सोडवत बसला होता. बोटं थरथरत होती. एक गाठ सुटली की दुसरी पडत होती. सुलोचना त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. तिने प्रतिमाकडे पाहिलं.

"यायलेबी सांगा," ती म्हणाली. "तिथं सांगतलं तसंच."

प्रतिमा बाजेजवळ मातीत बसली. तिने सगळं परत सांगितलं, या वेळी त्याच्या तोंडाकडे बघत. तो लक्ष देऊन ऐकत होता. मुदतींचं, रकान्याचं, राजूरकरांचं त्याच्यापर्यंत किती पोचलं कोण जाणे. ती थांबली तेव्हा त्याने एकच विचारलं.

"म्हंजे... मी नोतो पेलो?"

"नाही, शालिकभाऊ. थेंबही नाही."

"नक्की न?"

"नक्की."

त्याचा चेहरा आधी तसाच राहिला. मग ओठ वाकडे झाले. तो हसतोय की रडतोय ते कळेना, कारण त्याचं तोंड आता त्याच्या ताब्यात नव्हतं. त्याने सुतळी खाली टाकली आणि बायकोकडे पाहिलं.

"नोतो पेलो वं," तो म्हणाला. "मले बी वाटलं होतं का पेलो असंल."

सुलोचनाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. काही वेळाने तिने हात काढले, डोळे पुसले आणि प्रतिमाजवळ आली. प्रतिमा उठून उभी राहिली. बाई अंगावर धावून येईल असं तिला वाटलं, आणि तिने हात खाली सोडून दिले.

"मॅडम, तुमी आता जा," सुलोचना म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "तुमचं काय कराचं ते मी मागाहून पाह्यतो. पैले मले यायची माफी मागाची हाय. ते मी तुमच्यासमोर मागनार नाई."

प्रतिमाने मान हलवली आणि ती अंगणाबाहेर आली. मागे सुलोचनाने फाटकाची कडी लावली.